भिंगारदिव्यांच्या विहिरीचं जड पाणी

छबूबाई पुणतांब्याहून बहिणीकडे राहायला आल्या त्या स्वतःचं पाणी घेऊन आल्या, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आता माणसाने पाणी आणावंच, तर एखादी बाटली पिशवीत कपड्यांच्या घडीखाली लपवून आणावी. छबूबाईंनी तेलाचा मोठा पिवळा कॅन भरून आणला होता. तो एसटीच्या टपावर दोरीने बांधला होता. आणि उतरवून घेतला तो जामखेडच्या स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीच्या बरोबर समोर. त्या खिडकीत वाहतूक नियंत्रक श्रीमंत भिंगारदिवे बसले होते, आणि ते छबूबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान होते.

“तेल आणलं का बाई?” टपावरून कॅन खाली देता देता कोंडीराम ड्रायव्हरने विचारलं.

“तेल कशाला? पानी हाय. गोदावरीचं.” छबूबाईंचा आवाज नदीकाठच्या माणसाचा, पलीकडच्या तीरावर पोचणारा. “आमच्या दाजींच्या विहिरीचं पानी पिलं का माझं पोट ढोलावानी वाजतं. मागच्या खेपेला घरी गेल्यावर बी वाजत हुतं.”

फलाटावर खर्ड्याला जाणारे, कड्याला जाणारे, नुसतेच बसलेले असे पुष्कळ लोक होते. त्या सगळ्यांनी आधी कॅनकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे. श्रीमंतरावांनी माइक पुढे ओढला आणि खर्ड्याची गाडी लागल्याची घोषणा केली. गाडी लागलेली नव्हती. उभ्या नोकरीत त्यांनी केलेली ती पहिली खोटी घोषणा.

विहीर ही श्रीमंतरावांची दुखरी जागा होती, कारण अभिमानाची जागाही तीच होती. जामखेडात उन्हाळा लागला की माणसं टँकरमागे धावतात, आणि पाहुण्याला पाणी देताना तांब्या जरा हात राखूनच भरला जातो. अशा गावाच्या कडेला त्यांनी प्लॉट घेतला, विहीर खणली, आणि तिला पाणी लागलं ते असं की भर वैशाखातसुद्धा दोर निम्माच सोडावा लागे. विहिरीच्या आनंदात त्यांनी डेपोतल्या झाडून साऱ्या मंडळींना दुपारचं जेवण दिलं. ते जेवण दिवेलागणीला झालं, कारण डाळ शिजेना.

पाणी जड होतं. जड म्हणजे किती, तर साबण लावला की फेस येण्याऐवजी तो दह्यासारखा फाटायचा. बंबातून महिन्याकाठी खडूचे पापुद्रे निघायचे. चहाला अशी चव यायची की दारात पाऊल टाकताच पाहुणे ‘आत्ताच घेतला’ म्हणायचे. एकदा कोंडीरामची गाडी तापली म्हणून श्रीमंतरावांनी रेडिएटरसाठी बादलीभर पाणी देऊ केलं, तर त्याने हात जोडले. “नको सायेब. मानसाला चालंल हो, गाडीला न्हाई चालायचं.” शेवटी, छबूबाईंच्या मागच्या खेपेनंतर, पुष्पावतीबाई स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी पार लांबच्या सरकारी नळावरून डोक्यावर आणत. विहीर उरली होती ती आंघोळीपुरती आणि अभिमानापुरती.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती श्रीमंतराव कुणाजवळ बोलत नसत. त्यांच्या प्लॉटला लागून राधाकृष्णअण्णांचं घर होतं. अण्णा बागाईतदार, देवमाणूस, स्टँडवर भेटले की चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. दोन्ही घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावरून हुरडा, कैऱ्या, शेवग्याच्या शेंगा असं बरंच काही भिंगारदिव्यांकडे येई. पण भिंगारदिव्यांकडून पाणी काही तिकडे गेलं नव्हतं. अण्णांच्या म्हाताऱ्या आई आक्काबाई कंबरेत वाकून त्याच लांबच्या नळावर जात. पुष्पावतीबाई म्हणाल्या, “आक्का, इथूनच घ्या की,” तर आक्काबाई म्हणायच्या, “नगं बाई, तुमचं पानी लई जड हाय.” वस्तीबाहेरची आणखी दोन-चार घरंही हेच म्हणत. श्रीमंतरावांना संशय होता की त्या पाण्यात क्षारांखेरीज आणखीही काही जुनं विरघळलेलं आहे. पण संशय सिद्ध करता येत नव्हता, कारण पाणी खरोखरच जड होतं.

त्या रात्री जेवताना छबूबाईंनी कॅनमधलं पाणी पेल्यात ओतून घेतलं आणि वर दाजींनाही विचारलं, “घोटभर घेता का?” तेव्हा श्रीमंतरावांनी ताटावरचा हात मागे घेतला.

“छबूबाई, यंदाच्या वैशाखी पौर्णिमेला वस्तीचं जेवण आपल्या अंगणात होणार,” ते घोषणेच्या आवाजात म्हणाले. “वरण, भात आणि गव्हाची खीर. सगळं आपल्या विहिरीच्या पाण्यात. आणि तुम्ही ते पाणी मागून प्याल.”

“दाजी, गहू शिजायचा न्हाई.”

“शिजेल.”

“मग जेवान आखाडात करायचं का?” छबूबाई सहज म्हणाल्या. पुष्पावतीबाई भाकरी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला तो श्रीमंतरावांनी ऐकला नाही, म्हणजे ऐकला नाही असं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी गावभर झालं की भिंगारदिवे पाणी मऊ करणार. आपल्याकडे एखाद्याला मुलीसाठी स्थळ पाहिजे असलं तर कुणी सुचवत नाही. पण पोट बिघडलं किंवा पाणी बिघडलं की सल्ल्याला तोटा नाही. कुणी तुरटी फिरवायला सांगितली. तुरटी फिरवली. कुणी शेवग्याच्या बिया कुटून टाकायला सांगितल्या. त्या राधाकृष्णअण्णांनी स्वतः आणून दिल्या. गाळ खाली बसला, पाणी आरशासारखं नितळ झालं आणि डाळ पहिल्यासारखीच कच्ची राहिली. कुणी विहिरीत कासव सोडायला सांगितलं. कासवाने पाणी मऊ कसं होणार, हे विचारल्यावर सांगणारा म्हणाला, “मऊ न्हाई होत, पन कासव असावं.”

श्रीमंतरावांनी मग शास्त्रोक्त मार्ग धरला. तीन माठ एकावर एक रचले. पहिल्यात कोळसा, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात गाळलेलं पाणी. वाळू सीना नदीची, धुतलेली. कोळसा मात्र कोंडीरामने आणून दिला आणि कुठून आणला ते त्यांनी विचारलं नाही. पाणी गाळून आलं तेव्हा पुष्पावतीबाईंनी पेला नाकाशी नेला आणि तसाच लांब धरला.

“अहो, ह्याला कोंबडीचा वास येतोय.”

तो कोळसा नगर रस्त्यावरच्या ढाब्याच्या भट्टीतला निघाला. पाणी जड ते जडच होतं, आता ते मांसाहारीही झालं होतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी रोग काय ते कळू दे. नगरमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासून देतात असं समजलं. नमुना काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत हवा. अशी बाटली भिंगारदिव्यांच्या घरात नव्हती, कारण श्रीमंतराव वस्तीतल्या व्यसनमुक्ती मंडळाचे चिटणीस होते. कोंडीरामने हां हां म्हणता एक बाटली आणून दिली. तिच्यावरचा रमचा कागद काढायला पुष्पावतीबाईंनी ती साबण लावून घासघास घासली. पण त्या पाण्यात साबण फेसाळेना आणि कागद निघेना. अर्धा निघाला. उरलेल्या अर्ध्यावर नेमकी ती दोन अक्षरं शिल्लक राहिली.

बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून श्रीमंतराव नगरच्या गाडीत बसले. कड्याच्या अलीकडे गतिरोधकावर गाडी उडाली, बाटली पिशवीतून निसटली आणि गडगडत मागच्या बाकापर्यंत गेली. तिथे एक गवंडी बसला होता. महिन्याभरापूर्वी श्रीमंतरावांनीच त्याला दारू सोडण्याची शपथ दिली होती. त्याने बाटली उचलली, अक्षरं वाचली, आणि दोन्ही हातांनी अदबीने ती परत आणून दिली.

“असू द्या साहेब,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “सुटत न्हाई लवकर. मी कुनाला सांगत न्हाई.”

तो शब्दाला जागला. पण गाडीत बाकीचेही लोक होते.

प्रयोगशाळेतल्या कारकुनाने बाटलीकडे पाहिलं, श्रीमंतरावांकडे पाहिलं आणि विचारलं, “विहीर सार्वजनिक का खासगी?”

“खासगी.”

“मग सातबाऱ्यावरची नोंद दाखवा.”

“एनए प्लॉट आहे साहेब. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही.”

“मग विहीर नाही.”

“अहो, आहे! हे पाणी तिचंच आहे.”

“असेल. पण नाही.”

श्रीमंतरावांचा आवाज चढला. आणि त्यांचा आवाज चढला की तो आपोआप माइकवरचा होई. “मी रोज सकाळी जिच्यात कळशी सोडतो ती विहीर जर नसेल, तर कृपया तसं लेखी कळवावं!” असं ते म्हणाले, आणि कारकून एकदम खुर्चीतून अर्धा उठला.

“जामखेड स्टँडवरचा आवाज तुमचाच का हो? माझी सासुरवाडी तिथली. तुमच्या त्या ‘कृपया’वरून ओळखलं.”

नमुना जमा झाला. आठवड्याने अहवाल आला. त्यात पुष्कळ आकडे होते आणि खाली शेरा होता: ‘पाणी अत्यंत कठीण.’ श्रीमंतरावांनी तो घरात मोठ्याने वाचून दाखवला.

“मग वाचेल का म्हणावं?” पुष्पावतीबाईंनी विचारलं.

इकडे स्टँडवर त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलली होती. कंडक्टर मंडळी जवळ येऊन उगाच श्वास घेऊन जात. मंडळाच्या अध्यक्षांनी तर “काही घरगुती अडचण असेल तर मोकळं बोला,” असं सांगून पाठीवर हात फिरवला. श्रीमंतरावांनी अहवाल दाखवला. अध्यक्षांनी ‘अत्यंत कठीण’ एवढंच वाचलं आणि आणखी प्रेमाने हात फिरवला.

या अंधारात उजेड पडला तो चौदा एप्रिलला. जयंतीसाठी श्रीमंतरावांचा भाचा पंकज सुप्याहून आला. तो तिथल्या एका कारखान्यात बॉयलर विभागात होता. मिरवणुकीनंतर अंगणात बसला असताना त्याने अहवाल वाचला आणि म्हणाला, “मामा, हे तर साधं आहे. आमच्या बॉयलरला आम्ही असलं पाणी देतच नाही. आधी मऊ करतो. नाहीतर आतून खपली धरते त्याला.”

“बॉयलरला?” श्रीमंतरावांनी विचारलं. “लोखंडाच्या त्या ढोलाला मऊ पाणी, आणि तुझ्या मामीला हे?”

पंकजने समजावलं ते असं. एका लोखंडी नळकांड्यात रेझिनचे दाणे भरायचे, पिवळट, साबुदाण्याहून बारीक. जड पाणी त्यातून सोडलं की दाणे त्यातला क्षार धरून ठेवतात आणि पाणी हलकं होऊन खाली येतं. दाण्यांचं पोट भरलं की त्यांना मिठाचं पाणी पाजायचं, म्हणजे ते धरलेला क्षार सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्याआधी वाळूच्या पिंपातून पाणी गाळून घ्यायचं, म्हणजे गाळ दाण्यांवर बसत नाही. कारखान्यातलं एक जुनं छोटं नळकांडं बदलायला काढलंच होतं. ते भंगाराच्या भावात मिळेल, दाणे नवे भरून पाठवतो, असं पंकज म्हणाला.

“मिठाचं पाणी पाजून झालं की मात्र भरपूर साधं पाणी सोडून धुवायचं मामा. ते पाणी वाया जाऊ द्यायचं. हे विसरू नका.”

“विसरतो कसा?” मामा म्हणाले. पण ‘वाया’ हा शब्द ऐकताना त्यांचा चेहरा पडला होता, हे पुष्पावतीबाईंनी पाहिलं.

नळकांडं रविवारी येणार होतं. मुंबईतल्या स्फोटांना तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि बेवारस वस्तूंना हात लावू नका, अशी सूचना श्रीमंतराव दर थोड्या वेळाने माइकवरून देत. शुक्रवारी दुपारी स्टँडवरच्या हवालदारांनी धावत येऊन सांगितलं की तीन नंबरच्या फलाटावर गोणपाटात गुंडाळलेली, माणसाएवढी, सिलिंडरसारखी वस्तू उभी आहे आणि तिचा मालक कुणी नाही.

श्रीमंतरावांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्यांनी माइक घेतला. “प्रवाशांनी कृपया न घाबरता स्टँडच्या बाहेर पडावं. लेकरांना उचलून घ्यावं. म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा. ढकलाढकली करू नये.” लोक खरंच शिस्तीत बाहेर पडले, त्या आवाजावर त्यांचा विश्वासच तसा होता. उसाच्या रसवाल्याने घुंगरं बांधलेला चरका तसाच टाकला. सगळं स्टँड रिकामं झालं आणि श्रीमंतराव मात्र खिडकीत बसून राहिले. “साहेब, तुमीबी निघा,” असं हवालदार म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. गवंड्याने हे पाहावं, अध्यक्षांनी पाहावं, असं त्यांना फार वाटलं.

हवालदार खांबाआडून वस्तूकडे सरकले. “काहीतरी लिहिलंय वर!” ते ओरडले. “खडूनं!”

“कृपया वाचा!” श्रीमंतराव माइकवरून म्हणाले.

“श्री... मंत... भिं... गार...”

नंतर स्टँडच्या चारही भोंग्यांतून स्पष्ट ऐकू आलं ते एवढंच: “आयला, आपलंच की!”

झालं होतं असं की कारखान्यातून माल बाहेर काढायला परवानगी लवकर मिळाली आणि पंकजने मिळेल त्या पुणे-जामखेड गाडीच्या टपावर नळकांडं चढवलं. जामखेडला कंडक्टरने ते फलाटावर उतरवलं आणि कंट्रोलरसाहेबांना निरोप देण्याआधी घोटभर चहा घ्यावा म्हणून तो गेला. चहा पिता पिता त्याला स्टँड रिकामं करण्याची घोषणा ऐकू आली आणि शिस्तीचा माणूस असल्यामुळे तोही सगळ्यांबरोबर बाहेर पळाला.

त्यानंतर कितीतरी दिवस पोरंटोरं श्रीमंतरावांना पाहून “आपलंच की!” म्हणत. पण व्यसनाची बातमी मात्र त्या स्फोटात उडून गेली, हे खरं.

नळकांडं अंगणात विटांच्या ओट्यावर उभं राहिलं. त्याच्यावर टाकी, टाकीच्या खाली वाळूचं पिंप, आणि शेवटी एक पितळी तोटी. श्रीमंतरावांनी पंकजच्या सांगण्याप्रमाणे आधी दाण्यांना मिठाचं पाणी पाजलं. मग धुवायला साधं पाणी सोडलं. स्वच्छ पाणी मोरीतून वाहून चाललं. जामखेडात जन्मलेल्या माणसाला साप दिसला तर तो शांत राहील. वाहून जाणारं पाणी त्याला बघवत नाही. चार-दोन बादल्या गेल्यावर त्यांनी मोरीकडचा नळ बंद केला आणि पुष्पावतीबाईंना हाक मारली. “टाक चहा!”

चहा झाला. पहिला कप त्यांनी स्वतः घेतला. पुष्पावतीबाई तोंडाकडे बघत होत्या.

“कसा आहे?”

श्रीमंतरावांनी घोट गिळला. त्याला वेळ लागला. “हलका आहे,” ते म्हणाले. “साखर जरा कमी आहे.”

पुष्पावतीबाईंनी बोट बुडवून चाखलं. “अहो, ह्यात कैरी टाकली तर लोणचं होईल!”

त्यांनी पदर खोचला, सरळ अंगणात गेल्या आणि मोरीकडचा नळ पुरता उघडला. “पाणी चाललंय, पाणी चाललंय,” म्हणत श्रीमंतराव मागे धावले. “जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “एवढं डोक्यावर वाहिलं मी, थोडं वाहून गेलं तर मरत नाही कुणी.” अधूनमधून त्या ओंजळ धरून चव बघत, थुंकत, पुन्हा धरत. शेवटी एक ओंजळ त्यांनी थुंकली नाही. ती गिळून त्या तोटीशी गेल्या, हाताला साबण लावला आणि हात चोळले. फेस मनगटापर्यंत चढला. त्या लहान मुलीसारख्या तो फेस दोन्ही हातांनी फुगवत राहिल्या आणि श्रीमंतरावांना मोठ्याने “कृपया इकडे लक्ष द्या” म्हणावंसं वाटलं.

हा आनंद सकाळपर्यंत टिकला. सकाळी भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. मोरीतून वाहिलेलं मिठाचं सगळं पाणी भिंतीखालून पलीकडे गेलं होतं. तिथे आक्काबाईंनी धुण्याभांड्याच्या पाण्यावर मेथीचा वाफा जगवला होता. ती मेथी पापडासारखी वाळून आडवी झाली होती. राधाकृष्णअण्णा भिंतीवरून न बोलता फाटकातून थेट अंगणात आले. एरवी हा देवमाणूस. पण उन्हाळ्यातली मेथी हा काही लहानसहान विषय नव्हे.

“भिंगारदिवे, शोभतं का तुमाला? म्हातारीनं वाटी-वाटी पानी घालून वाढवली हुती! कसलं औषीद सोडलं तुमी?”

“अण्णा, मीठ आहे ते, औषध नाही.”

“मीठ? शेजाऱ्याच्या वाफ्यात मीठ? आमी तुमाला शेवग्याच्या बिया दिल्या आन् तुमी आमाला मीठ?”

श्रीमंतराव रेझिनचे दाणे समजावून सांगू लागले. अण्णांना त्यात रस नव्हता. ते बोलत होते, ऊन चढत होतं, आणि त्यांचा घसा कोरडा पडत चालला होता. पुष्पावतीबाईंनी तोटीचं पाणी तांब्यात भरून त्यांच्यापुढे धरलं. भांडणाच्या भरात अण्णांनी तांब्या घेतला, मान वर केली आणि घटाघटा सगळा रिकामा केला. त्यांनी तांब्यात पाहिलं.

“हे कुठलं पानी?”

“आमच्या विहिरीचं,” पुष्पावतीबाई म्हणाल्या.

“छ्या! तुमचं पानी मला म्हाईत हाय. ह्याच्यात काय टाकलं तुमी?”

“टाकलं नाही अण्णा, काढलं.”

अण्णांनी पुन्हा तांब्या पुढे केला. दुसरा तांब्या ते सावकाश प्यायले, माणूस उसाचा रस पितो तसे. मग त्यांना मेथीची आठवण झाली. “मेथीचं बघू म्होरं,” असं म्हणून ते निघाले आणि फाटकाशी थांबून, भिंगारदिव्यांकडे न बघता म्हणाले, “आई जुन्या वळनाची हाय हो. मी तिला सांगून बघतो.”

आता पाणी जड आहे असं कुणालाच म्हणता येणार नव्हतं. श्रीमंतरावांना त्याचं समाधान वाटायला हवं होतं. पण वाटली ती धास्ती. इतके दिवस एक कारण होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन काढलं होतं. आता कुणी आलं नाही, तर काय म्हणायचं?

मोरीचं तोंड वळवून त्यांनी खारं पाणी रस्त्याकडेच्या खड्ड्यात सोडलं आणि पौर्णिमेच्या तयारीला लागले.

पौर्णिमेला छबूबाई पुणतांब्याहून परत आल्या, पुन्हा कॅन घेऊनच. सकाळी विहारात वंदना झाली आणि वस्तीतल्या बायका-पुरुषांनी भिंगारदिव्यांच्या अंगणात चुली मांडल्या. मोठ्या पातेल्यात डाळ चढली, दुसऱ्यात खिरीचा गहू. श्रीमंतराव दोन्ही चुलींच्या मधे अशा चेहऱ्याने उभे होते की जणू आत बाळंतीण आहे. मग त्यांना दिसलं की छबूबाई पदराआड कॅन धरून डाळीच्या पातेल्याकडे चालल्या आहेत आणि पुष्पावतीबाईंनी त्यांचा हात धरला आहे.

“सोड ताई,” छबूबाई कुजबुजत होत्या. “थोडं वततीया. चार लोकांत तुझी फजिती नगं व्हायला. दाजींना न्हाई कळायचं.”

“नको छबू. शिजली तर आमच्या पाण्यात शिजेल, नाहीतर राहील.”

श्रीमंतरावांनी न ऐकल्यासारखं केलं. पण ज्या मेव्हणीवर त्यांचा इतके दिवस राग होता ती आपल्या अब्रूसाठी चोरी करायला निघाली होती, हे पाहून त्यांना एकदम तिचं पोट वाजतं त्याचंच वाईट वाटलं.

डाळ शिजली. अशी शिजली की पळी फिरवताच तिचं गोडं वरण झालं, आणि गव्हाचा दाणा फुलून बोटाखाली विरघळला. वरणावर तूप पडलं. पहिली पंगत बसली, तिच्यात कोंडीराम होता, अध्यक्ष होते, गवंडी होता, आणि कडेला राधाकृष्णअण्णा येऊन बसले. त्यांनी खीर दोनदा मागून घेतली आणि डाळ किती वेळात शिजली हे पुष्पावतीबाईंना विचारलं. छबूबाई जेवता जेवता थांबल्या. घशात खिरीचा वेलदोडा अडकला असावा. “दाजी,” त्या म्हणाल्या, “पानी द्या.”

श्रीमंतरावांनी स्वतः तोटीखाली पेला धरला आणि भरून दिला. छबूबाईंनी तो संपवला, ओठ पुसले, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बरं हाय.” पुणतांब्याचं माणूस परक्या पाण्याला याहून जास्त काही म्हणत नाही. आक्काबाई मात्र आल्या नव्हत्या. श्रीमंतराव पंगत वाढताना तीन-चारदा भिंतीकडे बघून आले. पलीकडे दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. उठले तेव्हा अंगणात भांड्यांचा आवाज येत होता. कालची पातेली घासणं चाललं असेल असं समजून ते टॉवेल गुंडाळून, बादली घेऊन आंघोळीच्या पाण्यासाठी बाहेर आले.

तोटीपाशी बायका होत्या. वस्तीतल्या होत्या तशा पलीकडच्या गल्लीतल्याही होत्या. कालपर्यंत ज्यांना हे पाणी जड होतं त्याही. फाटकापर्यंत कळश्या आणि हंडे लागले होते. आणि सगळ्यांच्या पुढे, तोटीखाली आपली तांब्याची घागर धरून, आक्काबाई बसल्या होत्या. घागर अर्धी भरली होती.

“ह्यानं रातभर डोकं खाल्लं माझं,” त्या पुष्पावतीबाईंना सांगत होत्या. “डाळ लोन्यावानी शिजली, डाळ लोन्यावानी शिजली. म्हनलं, नळावनं पानी आनून माझी कंबर मोडली, आन् हा बाहेर जाऊन लोनी खातोय! मग बघावं म्हनलं.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “मेथीचं पन राहिलंय हां तुमच्याकडं.”

“भरून देऊ आक्का,” पुष्पावतीबाई म्हणाल्या.

श्रीमंतरावांनी दारातूनच फाटकापर्यंतच्या कळश्या मोजल्या. मग घड्याळाची आठवण होऊन ते पुढे झाले आणि आपल्याच घराची तोटी म्हणून, सवयीने, आक्काबाईंच्या घागरीशेजारी त्यांनी आपली बादली सरकवली.

आक्काबाईंनी ती बादली हाताने मागे लोटली.

“ओ भिंगारदिवे! मधी कुठं घुसताय? हितं बायका ताटकळल्यात. नंबरानं या!”

“मला ड्यूटी आहे आक्का.”

“आमाला काय कामं न्हाईत का? जावा मागं.”

बायका हसल्या. पुष्पावतीबाईही हसल्या, या वेळी सगळ्यांसमोर. श्रीमंतरावांनी बादली उचलली, सगळ्या कळश्यांच्या कडेने चालत फाटकापर्यंत गेले आणि टॉवेल सावरून अगदी शेवटी उभे राहिले. त्या दिवशी खर्ड्याची पहिली गाडी उशिरा सुटली, आणि कंट्रोलरसाहेब खिडकीत आले ते आंघोळ न करता, पण नवरदेवासारखे.